रकाना कोण आखतं?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. शब्दांकन करताना बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)

काल रात्री जेवणं झाल्यावर आपण ओसरीवर बसलो होतो. कुणीतरी वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. कॉम्प्युटर म्हणे आता रोगाचं निदान करणार, वकिलांची कागदपत्रं लिहिणार, पोरांना शिकवणारही. त्यावर आपल्यातली एक जण म्हणाली, "करू दे की. भाकरी थापायला येतोय का, एवढंच विचार." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग दुसरी म्हणाली, "आपल्याला त्यातलं काही कळत नाही बाई. ते शिकल्यासवरल्यांचं काम." तेव्हा कुणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या.

मला आज त्या माना डोलावण्याबद्दल बोलायचंय. विषय 'विज्ञान-तंत्रज्ञानाच्या बातम्या आणि आपण' असा ठरलाय. मी शास्त्रज्ञ नाही, प्राध्यापक नाही. माझी मतं साधीसुधी आहेत. पण मी कॉम्प्युटरच्या कामात आयुष्याची बरीच वर्षं घालवली आहेत, आणि तिथे एक गोष्ट शिकले ती तुमच्यापुढे ठेवते.

१९७३ साली, एकोणीस वर्षांची असताना, मी मुंबईतल्या एका कंपनीत पंच ऑपरेटर म्हणून लागले. हे काम आता राहिलं नाही, म्हणून सांगावं लागतं. आमच्याकडच्या त्या कॉम्प्युटरला माहिती द्यायची तर जाड कागदाच्या कार्डांना भोकं पाडून द्यावी लागे. पोस्टकार्डापेक्षा लांब असं ते कार्ड. त्याच्यावर उभे ८० रकाने. एका रकान्यात एक अक्षर किंवा एक आकडा. एक मुलगी कार्ड पंच करायची. दुसरी तेच कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून तोच मजकूर पुन्हा टाइप करून तपासायची. जुळलं तर कार्डाच्या कडेला खाच पडायची, नाही जुळलं तर यंत्र अडायचं आणि लाल दिवा लागायचा. दिवसभर खडखडाट. संध्याकाळी लोकलमध्ये बसलं तरी कानात तोच आवाज.

आम्ही सगळ्या मुली. आमची खोली वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. कॉम्प्युटरची खोली काचेची, थंडगार. ती थंड हवा यंत्रासाठी होती, माणसांसाठी नव्हे, पण आत काम करणाऱ्या पुरुषांना ती आपोआप मिळायची. आम्ही तिथे कार्डांचे ट्रे पोचवायला जायचो. चपला बाहेर काढायच्या, ट्रे ठेवायचा, परत यायचं.

आमच्यात एक मोठी बाई होती. तिला आपण नुसतं ताई म्हणू. नवऱ्याने टाकून नऊ वर्षं झालेली. माहेरी राहून, भावाच्या संसाराला हातभार लावून, मुलाला वाढवत होती. एकदा कंपनीने ठरवलं की सगळ्या नोकरदारांच्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायच्या. म्हणजे आमचीच कार्डं आम्हीच पंच करायची! त्या कार्डावर बाईसाठी एक रकाना होता. अविवाहित असेल तर १, विवाहित असेल तर २, विधवा असेल तर ३. आणि २ घातलं की पुढच्या रकान्यांत नवऱ्याचं नाव हवंच. ताईने २ घातलं आणि पुढचे रकाने कोरे सोडले. कॉम्प्युटरने कार्ड बाहेर टाकलं. पुन्हा केलं, पुन्हा बाहेर. तिसऱ्या वेळी शेरा आला, 'ऑपरेटरची चूक'.

ताई सहसा बोलायची नाही. त्या दिवशी ती ते कार्ड घेऊन काचेच्या खोलीत गेली. आतल्या साहेबांनी सांगितलं, "बाई, यंत्राला तेवढंच कळतं. नवऱ्याचं नाव घाला आणि मोकळ्या व्हा." ताई म्हणाली, "माझ्यामागं माझे पैसे त्याला जातील." ते म्हणाले, "तो आमचा विषय नाही."

पुढे रात्रपाळीतल्या एका तरुण प्रोग्रामरने मला सहज सांगितलं की चौथा क्रमांक घालायला अर्धा दिवस पुरेल. यंत्राची काही अडचण नाही. कुणी सांगितलं नाही म्हणून घातला नाही. मैत्रिणींनो, तो मुलगा वाईट नव्हता. कार्ड आखताना त्याच्या डोळ्यासमोर त्याची आई असेल, बहीण असेल, शेजारची विधवा काकू असेल. नवऱ्याने टाकलेली बाई नव्हती. म्हणून तिला रकाना नव्हता. आम्ही एकतीस जणींनी सह्या करून अर्ज दिला. सात महिने लागले. पण ४ हा आकडा आला आणि ताईच्या कार्डाला कडेला खाच पडली.

त्या दिवसापासून 'यंत्राला तेवढंच कळतं' हे वाक्य मी ऐकून घेत नाही. यंत्राला तेवढंच कळतं, जेवढे रकाने कुणीतरी आखून दिलेले असतात. तेव्हा बातमी वाचताना यंत्र किती हुशार आहे हे विचारू नका. रकाने कोणी आखले आणि त्यात कोण राहून गेलं, हे विचारा. हे विचारायला इंग्रजी लागत नाही. बचत गटाच्या वहीत तुम्ही महिन्याला रकाने आखता. नाव, बचत, कर्ज, व्याज. एखादीचं नाव राहिलं तर काय होतं ते तुम्हाला कुणी शिकवायला नको.

आता थोडं मागे जाऊ. 'शिकल्यासवरल्यांचं काम' म्हणजे मनात आपण पुरुषांचं काम म्हणतो. गंमत बघा. 'कॉम्प्युटर' हे आधी यंत्राचं नाव नव्हतंच. हिशोब करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तोफगोळ्यांचे मार्ग काढण्याचं किचकट गणित करायला शेकडो स्त्रिया बसवल्या होत्या, त्यांच्या हुद्द्याचं नाव 'कॉम्प्युटर'. १९४६ साली फिलाडेल्फियाच्या विद्यापीठात 'एनिअ‍ॅक' नावाचं प्रचंड यंत्र जगापुढे आणलं गेलं. त्यात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते. त्याच्याकडून गणित करून घेण्याची जुळणी सहा स्त्रियांनी केली होती : कॅथलीन मॅक्नल्टी, जीन जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रान्सिस बिलास आणि रूथ लिक्टरमन. शिकायला पुस्तक नव्हतं. यंत्राचे नकाशे वाचून त्या शिकल्या. प्रात्यक्षिक यशस्वी झालं, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, रात्री मेजवानी झाली. मेजवानीला या बायकांना बोलावणं नव्हतं. पुढची कितीतरी वर्षं त्यांची नावंही कुणी घेतली नाहीत. जेव्हा हे काम कारकुनी समजलं जायचं तेव्हा ते बायकांचं होतं. त्याला मान आणि पैसा मिळू लागला तसं ते पुरुषांचं झालं. आमच्या काचेच्या खोलीचं आणि पत्र्याच्या खोलीचं रहस्य मला इतक्या उशिरा कळलं.

हे झालं कामाचं. आता शरीराचं बघू, कारण विज्ञानाच्या बातम्या सगळ्यात जास्त औषधांच्या असतात. अमुक गोळी निघाली, तमुक रोगावर इलाज सापडला. गोळीची चाचणी कोणावर झाली, हे बातमीत क्वचितच असतं. अमेरिकेत १९७७ साली औषध प्रशासनाने सूचना काढली की ज्या बायकांना मूल होऊ शकतं त्यांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांत घेऊ नये. हेतू गर्भाला धोका होऊ नये असा. पण परिणाम काय झाला? औषधं पुरुषांच्या शरीरावर मापली गेली आणि बायकांना दिली गेली. ही सूचना १९९३ साली मागे घेतली. झोपेसाठी दिलं जाणारं झोल्पिडेम नावाचं औषध आहे. त्याला तिथे १९९२ साली मंजुरी मिळाली होती. बायकांच्या शरीरातून ते सावकाश बाहेर पडतं, सकाळपर्यंत त्याचा अंमल राहतो, गाडी चालवताना धोका होतो, म्हणून २०१३ साली त्याच प्रशासनाने बायकांसाठीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ केली. निम्मी! म्हणजे वीस वर्षं बायका दुप्पट मात्रा घेत होत्या. सकाळी डोकं जड आहे म्हणणारीला काय ऐकावं लागलं असेल, ते आपल्याला ठाऊक आहे. 'बायकांच्या तक्रारी असतातच.'

आणि ज्या कॉम्प्युटरबद्दल काल आपण वाचलं, ज्याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात, त्याचं काय? त्याचं काम फार थोडक्यात सांगायचं तर असं : त्याला जुन्या नोंदींचे ढीगच्या ढीग दाखवतात, आणि त्यात जे वारंवार दिसतं त्यावरून ते पुढचा अंदाज करतं. सून घरात आल्यावर सासू काय करते ते बघून शिकते, तसंच. सासू चुकली असेल तर चूकही शिकते. अ‍ॅमेझॉन कंपनीने नोकरीचे अर्ज निवडणारा असा एक प्रोग्राम बनवायला घेतला होता. त्याला मागच्या दहा वर्षांचे अर्ज दाखवले, आणि ते बहुतेक पुरुषांचे होते. तो शिकला की पुरुष बरे. अर्जात 'महिलांचा' असा शब्द आला, समजा महिलांच्या बुद्धिबळ मंडळाची कप्तान असं कुणी लिहिलं, की तो त्या अर्जाचे गुण कमी करायचा. कंपनीने तो प्रयोग सोडून दिला आणि ही गोष्ट २०१८ साली जगाला कळली. त्याच वर्षी जॉय बुओलामविनी आणि टिम्निट गेब्रू या दोन कृष्णवर्णीय संशोधक स्त्रियांनी चेहरा पाहून स्त्री की पुरुष हे ओळखणारे तीन कंपन्यांचे प्रोग्राम तपासले. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक शंभरात एकसुद्धा नाही. काळ्यासावळ्या बायकांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत. शंभरातल्या जवळजवळ पस्तीस जणी! का? तर ज्या चित्रांवरून असे प्रोग्राम शिकवतात आणि तपासतात, त्यांत गोरे चेहरे आणि पुरुषच जास्त. या दोघींनी आकडे जाहीर केल्यावर कंपन्यांनी सुधारणा केल्या. म्हणजे यंत्राला तेवढंच कळतं, हे तेव्हाही खरं नव्हतं. सांगणारी कुणी हवी होती.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. मग आपल्या अंगणातलं घेऊ.

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २०२४ साली सुरू झाली. महिना १५०० रुपये. शासन निर्णयात पात्र स्त्रियांची यादी आहे : विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, आणि कुटुंबातली एक अविवाहित. 'परित्यक्ता' हा शब्द तिथे आहे. तो सरकारी कागदावर यावा म्हणून या महाराष्ट्रातल्या बायकांनी मोर्चे काढलेत, परिषदा घेतल्यात. पण २०२५ च्या सप्टेंबरात ई-केवायसी बंधनकारक झाली, आणि तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला. नवरा वारला, वडीलही नाहीत, तिने काय करायचं? ओरड झाली, मुदत वाढली, मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश देण्याची सोय झाली. चांगलं झालं. पण परित्यक्तेकडे यातलं काय असतं? नवरा जिवंत आहे म्हणून दाखला नाही. कोर्टात गेली नाही म्हणून आदेश नाही. आणि ज्याने तिला टाकलं त्याच्याकडे आधारच्या आकड्यासाठी जायचं, त्याच्या फोनवर आलेला ओटीपी त्याच्याकडून मागायचा! निर्णयात तिचं नाव आहे, रकान्यात ती नाही. मला माझ्या ताईचं कार्ड आठवलं. पन्नास वर्षं मध्ये गेली, कार्डाच्या जागी फोन आला, भोकं पाडायच्या ऐवजी बोट टेकवायचं. प्रश्न तोच, नवऱ्याचं नाव काय?

तर मग यंत्रं नकोतच, असं मी म्हणते का? मुळीच नाही. मला यंत्रं आवडतात, त्यांनी मला माझी भाकरी दिली. पैसे थेट बाईच्या खात्यात येणं ही मोठी गोष्ट आहे. मला फक्त रकाने आखताना आपण तिथे हवे आहोत. आणि हे जमतं. आपल्याच चळवळीने ते करून दाखवलंय.

सोनोग्राफीचं उदाहरण घ्या. चांगलं यंत्र. अडलेल्या बाळंतपणात किती बायका त्याने वाचल्या असतील. पण त्याआधी गर्भजल तपासणी आणि मग सोनोग्राफी, दोन्हींचा उपयोग मुलगी आहे का हे बघून ती पाडण्यासाठी सुरू झाला. ऐंशीच्या दशकात मुंबईत स्त्री संघटना, डॉक्टर, विज्ञान चळवळीतली माणसं एकत्र आली. त्यांनाही ऐकवलं गेलं, 'ही प्रगती आहे, तुम्हाला त्यातलं काय कळतं?' त्यांनी हट्ट सोडला नाही. १९८८ साली महाराष्ट्राने कायदा केला, देशात पहिला. १९९४ साली केंद्राचा कायदा झाला. नुसत्या कायद्याने भागलं नाही, हेही खरं. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४.

पण त्या कायद्यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. गरोदर बाईची सोनोग्राफी केली की डॉक्टरने 'फ' नमुन्याचा अर्ज भरायचा. तपासणी का केली, कोणी सांगितली, काय आढळलं. आणि तो अर्ज अपुरा किंवा चुकीचा भरला तर तोच कायद्याचा भंग मानला जातो. तसं नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचं. डॉक्टरांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या की ही साधी कारकुनी चूक आहे, तिला गुन्हा काय म्हणता. २०१९ साली न्यायालयाने कायदा जसाच्या तसा ठेवला. कारण चार भिंतींत काय झालं ते कळायला तो कागदच एक पुरावा असतो. बघा, कोरा रकाना ही ताईच्या बाबतीत तिची चूक ठरवली होती. इथे कोरा रकाना हा सत्तेत असलेल्या माणसाला जाब विचारण्याचं साधन झाला. फरक एवढाच, हा रकाना आखायला बायका होत्या.

दुसरं उदाहरण जनगणनेचं. दिवसभर शेतात राबणारी बाई 'काम करता का' म्हटल्यावर 'नाही, घरीच असते' सांगायची, आणि घरकाम करणारी म्हणून 'काम न करणाऱ्यां'त मोजली जायची. त्यावर देशभर बायकांनी आवाज उठवला. १९९१ च्या जनगणनेत कामाच्या प्रश्नातच शब्द घातले गेले, घरच्या शेतावर किंवा घरच्या धंद्यात बिनपगारी केलेलं कामही धरून. एक वाक्य वाढलं, आणि बाईची मेहनत मोजायला दार उघडलं. घरातलं काम मात्र तेव्हाही बाहेरच राहिलं. २०१९ साली देशात पहिल्यांदा वेळेच्या वापराची मोठी पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईचे रोजचे २९९ मिनिटं तेव्हा त्यात जात होती, पुरुषाचे ९७. हे आपल्याला आजीच्या आजीपासून माहीत होतं. पण रकाना आखला तेव्हा त्याची बातमी झाली.

आता काल रात्रीच्या त्या मैत्रिणीकडे वळते, जी म्हणाली आपल्याला काही कळत नाही. बाई गं, तुला मशीनच्या पोटातलं कळत नसेल. मलाही सगळं कळत नाही. पण रेशनच्या दुकानात कुणाचा अंगठा उमटत नाही, हे तुला कळतं. भांडी घासून, तण काढून, विटा उचलून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा. फोन घरात कुणाच्या खिशात असतो आणि ओटीपी कुणाला दिसतो, हे तुला कळतं. ही माहिती काचेच्या खोलीत नसते. ती तुझ्याजवळ आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे, ती पटली तर बघा. प्रत्येक गावात एक वही घालायची. तिचे रकाने आपण आखायचे. तारीख. कोणत्या कामासाठी गेली. काय मागितलं. कुठे अडलं. खिडकीवरच्या माणसाने काय कारण सांगितलं. बाईचं नाव तिची परवानगी असेल तरच लिहायचं, आधारचा आकडा कधीच नाही, बँकेचा आकडा कधीच नाही. आपण दुसऱ्याला जाब विचारणार, तर आपली वहीही नीट हवी. 'कारण' या रकान्यात 'मशीन घेत नाही' असं कुणी लिहू नये. मशीन काय घेत नाही, ते लिहायचं. तीन महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा सगळ्या वह्या एकत्र मांडू. एका गावातली एक बाई अडली तर ती 'तिची चूक' होते. चाळीस गावांत एकाच रकान्यापाशी बायका अडल्या असतील, तर ते निवेदन होतं, आणि ते घेऊन तहसीलदारापासून मंत्रालयापर्यंत जाता येतं.

ताई आता नाही. तिच्या मागे तिचे पैसे तिच्या मुलाला मिळाले. त्याच्या लग्नात आम्ही सगळ्या पंच ऑपरेटर गेलो होतो, म्हाताऱ्या झालेल्या.

वह्या मी येताना आणल्या आहेत. बाहेर टेबलावर ठेवल्यात. पट्टी आणि पेन्सिलही आहे. चहाच्या सुट्टीत रकाने आखायला बसू.